खुर्च्यांची गाडी

तिसरी रांग दिवाणखान्यात मावेना.

अभियंत्यांनी खडू कानावर खोचला आणि सोफ्याकडे पाहिले. नोकरीत असताना पुलाच्या पायात ऐनवेळी कातळ निघाला की ते त्याच्याकडे असेच पाहत. त्या पाहण्यात राग नसे. कातळाने स्वतःहून बाजूला व्हावे एवढीच अपेक्षा असे.

"हा हलवावा लागेल."

"नाही हलायचा," आई म्हणाली. "मागे भिंतीला ओल आलीये. ती दिसेल."

"घरातलीच तर माणसं आहेत."

"म्हणूनच म्हणते."

सोफा जागेवर राहिला आणि तिसरी रांग मागे सरकत सरकत थेट दाराला टेकली. जेवणघरातल्या सहाही खुर्च्या, एक स्टूल, चालकाच्या जागी पीठ चाळायची चाळण, आणि फरशीवर खडूने आखलेली बाह्यरेषा. शोरूममधून आणलेल्या माहितीपत्रकातली मापे अभियंत्यांनी तंतोतंत उतरवली होती. पुढचे तोंड खिडकीकडे, बूड दाराकडे; हा दंडक त्यांच्या वडिलांपासूनचा.

इतर घरांतली माणसे आधी वाहन घेतात आणि मग त्यात बसतात. या घराण्याने तो क्रम उतावळेपणाचा मानला. अभियंत्यांच्या वडिलांनी साइडकारची मोटारसायकल घेण्यापूर्वी याच खिडकीसमोर तीन स्टुले मांडली होती. पुढे अभियंत्यांच्या तरुणपणी चौघांची मोटार आली, तेव्हा चार खुर्च्या मांडल्या गेल्या. खुर्चीवर ज्याची जागा जिथे ठरली, तिथेच तो गाडीतही बसला आणि बसतच राहिला; ती जागा बदलून मागण्याचे धाडस कोणी केल्याचे ऐकिवात नाही. कोण कुठे बसला हे घराण्याला पक्के स्मरते. खुर्ची न मिळालेल्यांविषयी मात्र घराण्याची स्मृती सभ्यपणे मौन बाळगते.

दार उघडले, पण अर्धेच. पलीकडून ते गाडीच्या बुडावर आदळले.

"सांभाळून!" अभियंते ओरडले. "मागचा बंपर आहे!"

"टेस्ट ड्राइव्हच्या आधीच ठोकली?" फटीतून आवाज आला. "मग मला बोलावलंत ते बरं केलंत."

ही ताई, घरातली थोरली लेक. अपघातात सापडलेल्या गाड्या तपासून विमा कंपनीला अहवाल देणे हे तिचे काम. वाकलेली सीट आणि ताणलेला पट्टा पाहून, आत कोण कुठे बसले होते हे ती सांगू शके. धाकटा भाऊ तिला 'पंचनामा' म्हणे. तो दंतवैद्य असल्यामुळे ती त्याला 'अक्कलदाढ' म्हणे. व्यवसायाखेरीज तिच्यापाशी आणखी एक कारण होते. तो घरात शेवटी आला, जागा नसताना आला, आणि तरीही सगळ्यांना दुखले ते त्याचेच.

अंग चोरून आत शिरता शिरता तिने ती मांडणी पाहिली आणि ती जागीच थांबली. नऊ वर्षांची असताना ती नेमकी याच दाराशी उभी होती. पुढे बाबा आणि आजोबा, मागे आजी आणि मांडीवर बाळ घेतलेली आई. गाडी चौघांची. "तू पुढच्या खेपेला," बाबा मागे न वळता म्हणाले होते. त्या गाडीतले चेहरे ताईला आठवत नाहीत. माना आठवतात. आजोबांच्या मानेवरची आडवी घडी, आजीची सैल झालेली गाठ, आणि आईच्या कानामागचा तीळ, जो आईने स्वतः कधीच पाहिलेला नसणार.

"ये, ये," अभियंते म्हणाले. "तुझ्यासाठीही जागा आहे या वेळी. ते स्टूल."

"मी सोफ्यावर बरी आहे."

"सोफा गाडीत येत नाही."

"म्हणूनच बरी आहे."

सूनबाई आतून पाण्याचे ग्लास घेऊन आली. कालच ती डोंगरातून परतली होती. तिचे बूट अजून बाहेर चिखलासकट वाळत पडले होते. भूकंपमापक केंद्रांची देखभाल हे तिचे काम. ती यंत्रे कानाची इतकी तिखट असतात की दूरवरच्या रस्त्यावरून एखादा ट्रक गेला तरी त्याची थरथर त्यांच्यात उमटते आणि जमिनीचे खरे बोलणे त्या गोंगाटात बुडून जाते. त्यामुळे केंद्रे मुद्दाम वाटेपासून दूर असतात. तिथवर रस्ता नसणे ही सरकारची दिरंगाई नव्हे, ती शास्त्राची अट आहे. आजवर ती कार्यालयाच्या गाडीने जाई. ती गाडी मोडीत निघाली, आणि वरून कळवण्यात आले की यापुढे ज्याने त्याने स्वतःचे वाहन आणावे. ज्याला ते जमणार नाही त्याला शहरात टेबलावरचे काम देण्यात येईल. 'देण्यात येईल' हा शब्दप्रयोग तिने दोनदा वाचला होता. काढून घेणाऱ्यांची भाषा नेहमीच दात्याची असते.

त्याच आठवड्यात नवऱ्याने मुलाचा विषय काढला होता.

"आधी गाडी," ती म्हणाली होती. "मुलाचं त्यानंतर बोलू. आणि आपलं ठरेपर्यंत घरात नको सांगूस."

दंतवैद्याने मान डोलावली होती. तो मान उत्तम डोलावत असे. त्याचा अख्खा दिवस तोंडे उघडी असूनही उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसांशी बोलण्यात जाई. त्यामुळे समोरून येणाऱ्या प्रत्येक शब्दाला तो होकार समजे आणि स्वतःही होकारच देई.

"बसा पाहू," अभियंत्यांनी टाळी वाजवली. "ही लांब गाडी. सात जागा, फोर बाय फोर, जमिनीपासून भरपूर उंच. चालकाच्या जागी तू," त्यांनी मुलाच्या हातात चाळण दिली. "बाजूला मी, वाट सांगायला."

"वाट कुठली, बाबा? ही बिनवाटेची गाडी आहे," सोफ्यावरून ताई म्हणाली.

"तर मग जास्तच लागेल सांगणारा. मधल्या रांगेत आई. तिच्या शेजारी बाळ."

आईने सोफ्यावरची उशी उचलली, मधल्या खुर्चीत ठेवली आणि कपाटातून काढलेला जुना कमरपट्टा तिच्याभोवती आवळला. एवढ्यावर न थांबता तिने उशीचा वरचा कोपरा किंचित आत दुमडला. आता उशीला मान आल्यासारखे वाटू लागले.

"तोंड मागे हवं बाळाचं," ताई म्हणाली. "पहिलं वर्ष तरी पाठ पुढे."

"अगं, पण मग त्याला दिसणार काय?"

"काही नाही. पण मान शाबूत राहील."

आईने उशी उलटी केली. उशीला दोन्ही बाजू सारख्याच होत्या. तरीही सगळ्यांना पटले.

"आणि मी?" सूनबाईने विचारले.

"तू मागे," अभियंते प्रसन्नपणे म्हणाले. "तिसरी रांग. म्हणजे बाळावर मागून लक्ष राहील."

"मधल्या रांगेत एक खुर्ची रिकामी दिसतेय."

"ती बाळाच्या सामानाची."

एखाद्या वाक्यावर घर हसायला हवे होते आणि हसले नाही, तर ते वाक्य नीट तपासावे. इथे कोणी हसले नाही. सामानाला खुर्ची मिळाली होती. सूनबाई तिसऱ्या रांगेत जाऊन बसली. तिचे गुडघे पुढच्या पाठीला लागले, मागून दाराची कडी पाठीत रुतली. तिला राग यायला हवा होता. त्याऐवजी तिला उत्सुकता वाटली, आणि या घरात रागापेक्षा ती अधिक धोक्याची होती. नव्या केंद्रावर यंत्र बसवताना ती आधी असेच करी. काही न बोलता खाली बसायचे आणि कोणत्या दिशेने काय हलते आहे ते पाहायचे.

"बाबा, इथून उतरायचं कसं?"

"मधली खुर्ची पुढे वाकते."

"कोण वाकवतं?"

"मधल्या रांगेतलं माणूस. म्हणजे ही."

"म्हणजे आई उठल्या, तरच मी उतरणार?"

"सोपं आहे अगदी," अभियंते म्हणाले.

"आणि आई झोपल्या असतील तर?"

"मी गाडीत झोपत नाही," आई म्हणाली.

"आई गाडीत सुरू होण्याआधीच झोपते," दंतवैद्य चाळण फिरवत म्हणाला. तेवढ्यापुरते सगळे हसले, आणि या हसण्याच्या आडोशाने सूनबाईने पुढचा प्रश्न अगदी हलकेच मधे सोडला.

"गाडी आल्यावर मी केंद्रावर जाईन, तेव्हा कुठे बसू? इथेच?"

चाळण थांबली.

"केंद्रावर?" आई वळली. "तू टेबलावरचं काम घेतेयस ना?"

"कोण म्हणालं?"

आईने पुढच्या खुर्चीकडे पाहिले. दंतवैद्य काचेतून, म्हणजे खिडकीतून, समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीकडे पाहत होता. कुशल चालकाची नजर रस्त्यावरून हटत नाही.

"हा म्हणाला," आई म्हणाली. "आता मुलाचा विचार चाललाय, म्हणून ती डोंगर सोडणार आहे म्हणाला."

"मी म्हणालो, बहुतेक सोडेल."

"बहुतेक नाही म्हणालास. ठरलंय म्हणालास. मी तुला दोनदा विचारलं."

"अगं, तुला बरं वाटावं म्हणून..."

"आणि मला बरं वाटावं म्हणून काय सांगितलंस?" सूनबाईने तिसऱ्या रांगेतून विचारले. तिचा आवाज चढला नाही. ज्याचे उत्तर तिला खरोखरच हवे होते अशा प्रश्नाचा तो आवाज होता. "मला म्हणालास, गाडी तुझ्या कामाची घेऊ. आईंना म्हणालास, काम सुटलंय. मग ही फोर बाय फोर जाणार कुठे होती? तुझ्या दवाखान्याला तर लिफ्ट आहे."

"आवाज नकोत," अभियंते समोर पाहतच म्हणाले. "चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होतं."

सोफ्यावर ताईने पाय वर घेतले. अपघातस्थळी ती नेहमी उशिरा पोहोचे. घडताना पाहण्याची ही पहिलीच वेळ होती.

दंतवैद्याला स्वतःची बाजू सुचत होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. त्याला वाटले होते की गोष्टी आपोआप जुळून येतील. गाडी येईल, मूल येईल, आणि मधल्या काळात कोणाचे तरी मन बदलेल; कोणाचे, हा तपशील त्याने मोकळा ठेवला होता. त्याच्या खुर्चीत बसलेली माणसे शेवटी तोंड मिटून, बरे वाटते आहे असे म्हणत उठून जात. त्याने कधी कोणाला मुद्दाम दुखावले नव्हते. तो फक्त आधी भूल द्यायचा.

आई मात्र मुलाकडे पाहत नव्हती. ती त्याच्या शेजारच्या पाठीकडे पाहत होती. ताठ, खडूची पांढरी धूळ बसलेली, हिशेबी पाठ. हे बोलणे आधी झालेले आहे, याच दिवाणखान्यात, याच तोंडाच्या गाडीत, हे तिला इतके लख्ख आठवले की मांडीवर बाळाचा भार आल्यासारखे वाटले. तेव्हा ती टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. कानाला यंत्र लावून अनोळखी शहरांना एकमेकांशी जोडून देणे हे तिचे काम. तिचा आवाज अनेकांना ओळखीचा होता. तिचे नाव एकालाही माहीत नव्हते. आणि ती व्यवस्था तिला फार आवडत असे.

"अहो," ती म्हणाली. "मागे वळा."

"अं?"

"मागे वळून बोला माझ्याशी. गाडी उभी आहे."

अभियंते कमरेतून वळले. खुर्ची करकरली.

"माझं एक्सचेंज सुटलं, हे मला कोणी सांगितलं? आठवतंय?"

"आता तो विषय कशाला..."

"तुमच्या वडिलांनी. पुढच्या खुर्चीवरून. 'सूनबाई मूल घेऊन मागे बसेल, आता तिला सकाळी कुठे जायचंच नाही.' मला वाटलं, त्यांचा काहीतरी गैरसमज झालाय. मी वाट बघितली, तुम्ही सांगाल त्यांना. तुम्ही चाकाला हात लावून बसला होतात. पातेल्याचं झाकण होतं तेव्हा."

"त्यांना वाटलं असेल की..."

"त्यांना आपोआप नव्हतं वाटलेलं. तुम्ही सांगितलं होतं त्यांना. माझ्या आधी." ती किंचित थांबली. "हा मांडीवर झोपला होता. म्हणून उठता आलं नाही."

या 'हा'ने चाळण मांडीवर ठेवली.

घराण्याच्या इतिहासात या वाक्याला कुठेच जागा नव्हती, आणि म्हणूनच ते इतका काळ ताजे राहिले होते. भार कुठे किती येतो हे अभियंत्यांनी आयुष्यभर मोजले. खांबांवर, तुळयांवर, नदीच्या पात्रात. या एका ठिकाणी किती भार आहे हे मोजावे असे त्यांना सुचले नव्हते. तुळई कधी करकरली नाही, म्हणजे भार नसेल, असे त्यांनी धरून चालले होते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला या चुकीसाठी त्यांनी नापास केले असते.

आई उठली. उठताना तिने आपली खुर्ची पुढे वाकवली.

"उतर," ती सुनेला म्हणाली.

सूनबाई तिसऱ्या रांगेतून बाहेर आली.

"आणि मला हे सगळं पसंत आहे असं समजू नकोस," आई लगेच म्हणाली. "लेकरू घरात असताना आईने बिनवाटेच्या डोंगरात जाणं मला नाही पटत. भांडणार आहे मी तुझ्याशी. पण तुझ्या तोंडून ऐकल्यावर. माहितीपत्रकातली ती दुसरी गाडी मांडा हो. आखूड."

"ती चौघांची आहे," अभियंते म्हणाले.

"मला चारपर्यंत मोजता येतं. मी ट्रंक कॉल जोडायचे."

खुर्च्या सरकल्या, खडूच्या रेघा ओल्या फडक्याने पुसल्या गेल्या. अभियंते गुडघ्यावर बसून नवी बाह्यरेषा आखू लागले. आखण्याने माणसाला बोलण्यापासून सुटका मिळते. पण आखता आखता त्यांच्यातला जुना माणूस जागा झाला.

"इतकी आखूड कशाला करतात पण ही?" त्यांनी सुनेला विचारले. "केंद्राकडचा चढ कसा आहे?"

"चढाचं काही नाही, बाबा. चढते कुठलीही. शेवटी एक ओढा लागतो, आणि पलीकडे कातळाची पाठ, कासवासारखी. लांब गाडीची पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अलीकडेच असतात, आणि मधे पोट टेकतं. मग चाकं हवेत फिरत राहतात."

"आणि आखूड गाडीचं पोट टेकत नाही. बरोबर. चाकांतलं अंतर कमी." ते मागे टेकून बसले. "ओढ्यावर पूल का नाही बांधत?"

"पूल झाला तर ट्रक येतील. ट्रक आले की यंत्राला जमीन ऐकू येणार नाही. केंद्र उचलावं लागेल."

अभियंत्यांचा खडू हवेत राहिला. पूल नको असलेली जागा त्यांना आयुष्यात प्रथमच भेटत होती, आणि त्यांना तिच्याविषयी आणखी विचारावेसे वाटले. ओढ्याचा तळ कसा आहे? दगडगोटे की गाळ? पाणी वाढले तर ती काय करते? ती उत्तरे देत गेली. ताईच्या लक्षात आले की वहिनीच्या कामाविषयी बाबांनी एवढे सलग प्रश्न या घरात कधीच विचारले नव्हते, आणि तिचे हे लक्षात येणे काहीसे कडवट होते. कारण तिच्या कामाविषयी तर त्यांनी एकही विचारला नव्हता.

"आता मी बोलू?" ती सोफ्यावरून म्हणाली. "या आखूड गाडीला मागचं दार नसतं. बाळाला मागे ठेवायचं तर पुढची सीट वाकवून, अर्धं अंग आत घालून, वाकड्यात वाकून पट्टा लावावा लागतो. रोज. पाठीची वाट लागते. हे आधीच सांगते, नंतर मला बोल लावू नका."

"कोण वाकणार रोज?" आईने विचारले.

"घरात एकच माणूस असा आहे," ताई म्हणाली, "ज्याला दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून बघायची सवय आहे. काय रे, अक्कलदाढ?"

"पंचनामा, तू गप बस."

"अजून एक. या जातीच्या जुन्या गाड्यांत मागे आडवे बाक असतात, एकमेकांकडे तोंड करून. तशी घ्यायची नाही. समोर तोंड असलेली सीट, पक्के पट्टे, आणि बाळाची सीट अडकवायला कड्या. त्या नसतील तर मला तुमच्या गाडीकडे कामानिमित्त यावं लागेल."

ही तिच्या धंद्यातली थट्टा होती.

चार खुर्च्या मांडून झाल्या. खिडकीजवळच्या दोन, मागे दोन. दंतवैद्य सवयीने पुढे निघाला, थांबला, आणि हातातली चाळण त्याने बायकोपुढे धरली. तिने ती घेतली नाही.

"आधी बोल," ती म्हणाली. "आईंशी. मी ऐकतेय."

चाळण हातात धरून उभा राहिलेला माणूस कोणत्याही युगात भारदस्त दिसलेला नाही. त्याने घसा साफ केला.

"आई, ती काम सोडणार नाहीये. सोडेन असं ती कधीच म्हणाली नव्हती. मीच... मला वाटलं, तू दुखावशील."

"मग आता नाही दुखावले?"

"आता जास्त."

"चला, एवढं तरी कळलं," आई म्हणाली.

सूनबाईने चाळण घेतली आणि चालकाच्या खुर्चीवर बसली. चाळणीला दोन्ही हातांनी धरून तिने खिडकीबाहेर पाहिले. टाकी, तारा, आणि त्यापलीकडे इमारतींच्या फटीतून दिसणारी निळसर रेघ, जी डोंगराची असू शकत होती. मग तिला काहीतरी सुचले. ती मागे वळली, उशीचा पट्टा सोडला, उशी उचलून पोटाशी लावली आणि तोच पट्टा स्वतःच्या पाठीमागून आणून आवळला.

"काय करतेयस?" आई म्हणाली.

"बघतेय. आपण सगळे बाळ कुठे बसेल ते ठरवतोय. त्याआधीचे महिने ते इथे असणार आहे."

चाळण उशीला टेकली होती. मधे बोट घालायलाही जागा नव्हती.

अभियंते पुढे आले, वाकले, फरशीवरच्या रेघेकडे आणि मग उशीकडे त्यांनी पाहिले. इतक्या मापांत हे एक माप राहिले होते. घराण्यात याआधी दोनदा गाड्या मांडल्या गेल्या, दोन्ही वेळी कोणी ना कोणी पोटुशी तरी होते किंवा मांडीवर मूल तरी होते, आणि कोणीही हे अंतर घेतले नव्हते. कारण ते घेण्याची गरज ज्या जागेवर पडते, तिथे कोणी तिला बसवलेच नव्हते.

"खुर्ची मागे घ्यावी लागेल," ते म्हणाले.

तिने खुर्ची मागे घेतली. आता पोटाशी जागा झाली, पण पाय खडूच्या रेघेपर्यंत, ब्रेकपर्यंत, पोचेना.

"मग?" तिने विचारले. तिला खरेच जाणून घ्यायचे होते.

"मग शेवटचे महिने तू चालवायची नाहीस," ताई म्हणाली. "आणि तशा कातळावर आदळतही जायचं नाही. सपाटीपर्यंत गाडी, पुढचं तुझी डॉक्टर सांगेल तसं."

"तेव्हा चालवणार कोण?"

सगळ्यांनी एकाच वेळी दंतवैद्याकडे पाहिले.

"मला घाटात गाडी लागते," तो म्हणाला.

"चालवणाऱ्याला लागत नाही," ताई म्हणाली.

"खिडकीतून बाहेर बघत बसणाऱ्याला लागते," सूनबाई म्हणाली. "मी शिकवीन तुला. आधी ओढा, मग कातळ. आणि यंत्राजवळ पाऊल कसं टाकायचं तेही. तिथे माणसाची चालसुद्धा नोंदली जाते. खोटं चालता येत नाही."

त्याने तिच्या पोटाशी बांधलेल्या उशीकडे बोट दाखवले.

"म्हणजे तू... ठरवलंयस?"

"नाही. अजून नाही. आज नुसतं बसून बघितलं." तिने पट्टा सोडला आणि उशी त्याच्या हातात दिली. "आखूड गाडी ठरली. सोमवारी शोरूमला मी जाणार, आणि नोंदवेन तीही मीच. बाळाचं आपण दोघं मिळून ठरवू. आणि सांगायचं कोणाला, तेही."

तो उशी घेऊन मागे गेला, पुढची खुर्ची वाकवून, अंग दुमडून, तोंड मागच्या बाजूला करून त्याने ती बसवली. तिला दोन्ही बाजू सारख्याच होत्या, तरी त्याने एकदा उलटून पाहिले. मग तिच्या शेजारी बसला. लगेच त्याने कपाळाला हात लावला.

"अरे, गाडी उभी आहे," ताई म्हणाली.

"मागे बसलं की होतंच मला."

पुढची डावी खुर्ची रिकामी होती. आई तिच्यापाशी आली, तिने पदराने खडूची धूळ झटकली आणि बसली. गुडघे कुठेही टेकले नाहीत. समोर कोणाची पाठ नव्हती. खिडकी एवढी मोठी आहे हे तिला ठाऊक होते. ती रोज पुसत असे. पण बसून समोर पाहण्यासाठी ती खिडकी कधी तिच्या वाट्याला आली नव्हती.

"झोपायचं नाही हं, आई," सूनबाई म्हणाली. "इथे बसणाऱ्याने वाट बघायची असते."

"तू चालव गं."

चार खुर्च्या भरल्या. अभियंते मधोमध उभे होते, हातात खडू. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, बाह्यरेषा बरोबर असल्याची खात्री केली, आणि मग त्यांना उमगले की ते रेघेच्या बाहेर आहेत.

"आणि मी?"

कोणी वळले नाही. गाडी सुरू झाली होती. सूनबाईच्या हातात चाळण हलकी फिरत होती आणि आई तिला काहीतरी दाखवत होती, टाकीच्या पलीकडचे.

"तुम्ही पुढच्या खेपेला, बाबा," सोफ्यावरून ताई म्हणाली.

तिचा आवाज अगदी साधा होता. ते तिच्याकडे पाहत राहिले, आणि ती त्यांच्याकडे. मग त्यांची नजर आधी खाली गेली. उभे राहायला जागा अशी एकच होती, सोफा आणि खुर्च्या सोडून, मागे दाराशी. ते तिथे जाऊन उभे राहिले. तिथून गाडी पूर्ण दिसत होती, मात्र चेहरा एकही दिसत नव्हता. मुलाची वाकलेली मान, सुनेचे करकचून बांधलेले केस, उशीचा दुमडलेला कोपरा. आणि पुढच्या डाव्या बाजूला, कानाच्या मागे, एक तीळ.

"हिला तीळ आहे इथे," ते म्हणाले.

"हो," ताई म्हणाली. "मला माहीत आहे."